अस्मानी

आजी खाटेवर बसून कपाटाकडे बोट दाखवायची, "माका ता अस्मानी लुगडा दी." मालवणात आमच्या घरी 'आकाशी' कुणी म्हणत नसे, तो शाळेतल्या रंगपेटीचा शब्द. आणि मे महिन्यात समुद्रावर काळोख दाटला की तीच आजी म्हणायची, "आभाळ इला." आभाळ म्हणजे ढग. त्या शब्दाच्या मुळाशी संस्कृत 'अभ्र' आहे, आणि अभ्र म्हणजे ढगच. स्वच्छ, बिनढगाच्या निळ्यासाठी आजीकडे शब्द होता तो फारसीतून आलेला.

फारसीत आस्मान म्हणजे आकाश. पण आणखी मागे, अवेस्ताच्या जुन्या इराणी भाषेत 'अस्मन्'चे अर्थ दोन: आकाश आणि दगड. आकाश म्हणजे डोक्यावरचं दगडी छत, अशी त्या लोकांची कल्पना असावी. संस्कृत 'अश्मन्', म्हणजे दगड, हा त्याचा सख्खा भाऊ. थोडक्यात, इतिहासाच्या पुस्तकातलं अश्मयुग आणि आजीचं लुगडं एकाच घरचे. (मला हे कळलं तेव्हा आजीला सांगितलं. ती म्हणाली, "जेव आधी.")

आमच्या समोरचा सिंधुदुर्ग शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतला. कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा 'राज्यव्यवहारकोश' त्यांनीच करवून घेतला. तरी लोकांच्या तोंडचा 'अस्मानी' हलला नाही. कुस्तीत अस्मान दाखवणं राहिलं, आणि 'अस्मानी-सुलतानी'ही राहिली.

ही जोडी नुसती म्हण नव्हे. अस्मानी म्हणजे वरून कोसळणारं: दुष्काळ, वादळ, अतिवृष्टी. सुलतानी म्हणजे राजाकडून येणारं. जुन्या जमीनकरारांत ही अटच असे: दोन्हींपैकी काही ओढवलं तर ठरलेल्या देण्यातून सूट. रयतेला हक्काने उच्चारता येईल असा तो शब्द होता. रंगाचं नाव आणि नुकसानीचं कारण एकच, हे किनाऱ्यावर राहणाऱ्याला फार विचित्र वाटत नाही.

१६ मे २०२१ ला तौक्ते आलं. आमचे दोन माड पडले, त्यातला एक पडवीवर. कौलांचा चुरा झाला. पुढे पंचनाम्याला माणसं आली त्या सकाळी ऊन पडलं होतं आणि आकाश धुऊन वाळत घातल्यासारखं निळं होतं. कशाने झालं, असं त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं.

"अस्मानीच ती," आजी म्हणाली.

त्यांनी कागदावर 'चक्रीवादळ' लिहिलं.