तिरक्या पंखांची गिटार

हेवी मेटलवाल्यांची गिटार पाहिली की प्रश्न पडतो, ही वाजवायची की कुणाला मारायची? टोकदार पंख, बाणासारखं अंग. अशा गिटारींमधलं एक गाजलेलं मॉडेल म्हणजे ‘जॅक्सन ऱ्होड्स’. ते ज्याच्या नावाने ओळखलं जातं, तो रँडी ऱ्होड्स मुळात गिटार शिकवणारा मास्तर होता.

रँडीचा जन्म १९५६चा, कॅलिफोर्नियातला. त्याची आई डेलोरेस नॉर्थ हॉलिवूडमध्ये ‘म्युझोनिया’ ही संगीतशाळा चालवायची. रँडी तिथेच शिकला आणि पुढे तिथेच मुलांना शिकवू लागला. १९७९ मध्ये ऑझी ऑस्बर्नने त्याला आपल्या नव्या बँडमध्ये घेतलं.

‘व्ही’ आकाराची गिटार तेव्हा नवी नव्हती. गिब्सन कंपनीने १९५८ मध्येच ‘फ्लाइंग व्ही’ काढली होती. लोकांना ती रुचली नाही. पहिल्या दोन वर्षांत जेमतेम शंभरेक गिटारी कारखान्याबाहेर पडल्या. ब्लूजवादक अल्बर्ट किंगने मात्र ती आपलीशी केली. पुढे रॉक आणि मेटलवाल्यांनी ती उचलली.

१९८० च्या अखेरीस रँडी ग्रोव्हर जॅक्सन यांच्याकडे गेला. त्याला व्ही हवा होता, पण तिरका: एक पंख लांब, दुसरा आखूड. जॅक्सन यांच्या गिटारी तेव्हा ‘शार्वेल’ नावाने विकल्या जात. एवढ्या विचित्र वाद्यावर ते नाव नको म्हणून त्यांनी स्वतःचं आडनाव घातलं. आज जगभर चालतं ते हेच नाव.

याच रँडीने ऑझीबरोबरच्या पहिल्या अल्बममध्ये आईसाठी ‘डी’ नावाची छोटीशी, हळुवार रचना साध्या गिटारवर वाजवली आहे. दौऱ्यावर असताना तो गावोगावी शास्त्रीय गिटारचे शिक्षक शोधायचा आणि त्यांच्यापुढे विद्यार्थी म्हणून बसायचा. १९ मार्च १९८२ रोजी फ्लोरिडात विमान अपघातात तो गेला. वय अवघं २५. त्याच्या नावाचं मॉडेल त्यानंतर बाजारात आलं. आईने शाळा मात्र पुढेही चालूच ठेवली.

वहीच्या शेवटच्या पानावर अशा टोकदार गिटारी काढणारी मुलं मला वर्गात भेटतात. पूर्वी मी वही ओढून घ्यायचो. आता विचारतो, ‘कुणाकडे शिकतोस रे?’