तत्त्वचिंतनाची पंगत आणि आपला पाट

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहावे, अशी संपादक मंडळाने आज्ञा केली. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. हयात कापडाचे ताके उलगडण्यात आणि गुंडाळण्यात गेली. तत्त्वज्ञानासारख्या विषयावर लेखणी उचलणे हे माझ्यासाठी धाडसच होय. सुज्ञ वाचकांनी चूकभूल पदरात घ्यावी.

विषय सुचला तो पुतणीमुळे. ती मुंबईस तत्त्वज्ञान हा विषय घेऊन बी.ए. करीत होती. एका दिवाळीच्या सुट्टीत तिने आपले पाठ्यपुस्तक माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "काका, ग्रीस आणि जर्मनीच्या विचारवंतांना एकेक प्रकरण आहे. आपले अख्खे जैन दर्शन मात्र चार पानांत आटोपले आहे. असे का?" मला उत्तर देता आले नाही. त्या उत्तराच्या शोधात जे वाचले, त्याचे सार येथे मांडीत आहे.

आरंभ आपल्या शिरपामाळापासूनच करतो. सुरतेच्या स्वारीवर निघालेल्या छत्रपती शिवाजी महाराजांचा मुक्काम या माळावर पडला होता. त्या वेळी जव्हारचे राजे विक्रमशहा मुकणे यांनी शिरपेच देऊन त्यांचा सन्मान केला आणि त्यावरूनच माळाला हे नाव पडले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. या प्रसंगातील मर्म असे की, नुसत्या आसऱ्याला सन्मान म्हणत नाहीत. आलेल्यास बरोबरीच्या नात्याने बसवावे, त्याचे म्हणणे ऐकावे, तेव्हा तो सन्मान होतो. तत्त्वज्ञानाच्या दरबारात जैन विचाराला आसरा बहुधा मिळत गेला. शिरपेच मिळाला का, एवढाच प्रश्न आहे.

विद्यापीठांतील स्थान

इ. स. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. तेथे तत्त्वज्ञान म्हणून जे शिकवले जाऊ लागले, ते इंग्लंडहून आलेले तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र होते. भारतीय दर्शने संस्कृतच्या वर्गात गेली आणि जैन आगम अर्धमागधीच्या वर्गात. म्हणजे आपले ग्रंथ वाचले गेले ते प्रामुख्याने भाषा शिकण्यासाठी. त्यांतील विचार खरा की खोटा, तो आजच्या तर्कापुढे टिकतो की नाही, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न त्यांना क्वचितच विचारला गेला. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधी शिकवणारे डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी १९३५ साली कुंदकुंदाचार्यांचा 'प्रवचनसार' विस्तृत प्रस्तावनेसह संपादित केला. एवढ्या तोलाचे काम झाले, तेही भाषेच्या प्राध्यापकाकडून, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

भारतीय दर्शनांचा इतिहास लिहितानाही एक जुनी उतरंड कायम राहिली. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त आरंभी चार्वाक, मग बौद्ध, मग आर्हत म्हणजे जैन, असे चढत जाऊन शेवटी अद्वैत वेदान्ताचा कळस येतो. त्या जिन्यावर आपण खालून तिसऱ्या पायरीवर आहोत. पुढील अनेक पुस्तकांनी हाच जिना थोड्याफार फरकाने उचलला.

अमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिर

मी कापडाचा व्यापारी असल्यामुळे खानदेशातील एका उदाहरणाचा मला विशेष अभिमान वाटतो. अमळनेरचे कापड गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ साली तेथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. सुताच्या मिळकतीतून विचाराचे मंदिर उभे राहिले. देशभरातील अभ्यासक तेथे राहून चिंतन करीत. संस्थेचा कल अद्वैत वेदान्ताकडे होता, हे खरे आहे. तथापि पुढे काही काळ संस्थेची धुरा वाहणारे बंगालचे थोर तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य यांनी १९२५ साली जैनांच्या अनेकान्तावर स्वतंत्र निबंध लिहिला होता. त्यांनी अनेकान्ताकडे जुन्या धर्माचे एक मत म्हणून न पाहता, आजच्या तर्कालाही भिडणारा सिद्धान्त म्हणून पाहिले. 'विचारातील स्वराज्य' या त्यांच्या व्याख्यानाचा आशय असा की, राज्य परक्यांचे असणे जेवढे घातक, तेवढेच आपल्या मनाने परक्यांच्या चौकटीत नकळत विचार करणे घातक असते.

पूज्य साने गुरुजीही काही काळ या तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासक होते. १९२४ पासून ते अमळनेरच्याच शाळेत शिक्षक झाले. पुढे मे १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात हरिजनांना प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी प्राण पणास लावून उपोषण केले. मंदिर विठ्ठलाचे असो वा तत्त्वज्ञानाचे, दार कोणासाठी उघडे आहे यावरूनच त्याची पारख होते.

अशाच एका बंद दारावर थाप पडली ती १९८३ साली पुण्यात. प्रा. मे. पुं. रेगे आणि प्रा. दया कृष्ण यांच्या पुढाकाराने परंपरेने शिकलेले संस्कृत पंडित आणि विद्यापीठांतील प्राध्यापक समोरासमोर बसले. 'संवाद' या नावाने तो उपक्रम ओळखला जातो. ब्रिटिश तत्त्वज्ञ रसेल यांची विधाने संस्कृतात मांडून पंडितांपुढे ठेवली गेली आणि पंडितांनी त्यांवर आपल्या शास्त्राच्या आधारे वाद केला. एकाच गावात राहूनही ज्यांची भेट झाली नव्हती, ते एकमेकांना प्रश्न विचारू लागले.

अनेकान्त आणि दुकानाचा ओटा

अनेकान्त समजावून घेण्यास मला माझ्या दुकानाचा उपयोग झाला. आमच्याकडे लुगडे घेण्यास येणारी गिऱ्हाईक बाई दिव्याखाली रंग पाहून कधीच सौदा करीत नाही. ती लुगडे घेऊन ओट्यावर उन्हात जाते. आत जे जांभळे दिसते, ते बाहेर निळसर दिसते. आतील म्हणणे खोटे नव्हे आणि बाहेरील म्हणणेही पूर्ण नव्हे. 'स्यात्' म्हणजे 'कदाचित' नव्हे, तर 'या एका अपेक्षेने'. हा संशय नसून वस्तूच्या अनेक अंगांविषयीची दक्षता आहे. बिमल कृष्ण मतिलाल या ऑक्सफर्डच्या भारतीय प्राध्यापकांनी १९८१ साली अनेकान्तवादावर इंग्रजीत पुस्तक लिहून हाच विचार जगापुढे गांभीर्याने मांडला. ते स्वतः जैन नव्हते, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

आठव्या शतकातील आचार्य हरिभद्रसूरींचा 'षड्दर्शनसमुच्चय' या दृष्टीने मला आदर्श वाटतो. बौद्ध, न्याय, सांख्य, जैन, वैशेषिक आणि मीमांसा ही दर्शने त्यांनी एकामागून एक मांडली, आणि अखेरीस चार्वाकालाही जागा दिली. आपले दर्शन त्यांनी कळसावर ठेवले नाही; इतरांच्या मध्ये, पंगतीतल्या एका पाटावर बसवले. हे हरिभद्र स्वतःस 'याकिनीमहत्तरासूनु' म्हणवीत. परंपरा सांगते की, याकिनी नामक साध्वीने म्हटलेल्या गाथेचा अर्थ या प्रकांड ब्राह्मण पंडितास लागला नाही आणि तेथून ते जैन मार्गाकडे वळले. एका स्त्रीस त्यांनी ज्ञानमाता मानले आणि ती ओळख अभिमानाने मिरवली.

आपलीही कुलपे

आता थोडे कटू बोलतो. विद्यापीठांनी आपणास दूर ठेवले, अशी तक्रार करताना आपण आपल्या भांडारांना किती काळ कुलपे लावली होती, तेही पाहावे. षट्खंडागम आणि त्यावरील वीरसेनाचार्यांची 'धवला' टीका कर्नाटकातील मूडबिद्री येथे ताडपत्रांवर होती. तिचे दर्शन होत असे, वाचन होत नसे. सोलापूरचे सेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे सेठ माणिकचंद यांनी खटपट केली, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रतिलिपी करण्यास प्रारंभ झाला. तीही बाहेर नेण्यास मनाई होती. लेखनिक पंडित गजपती उपाध्ये आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी गुपचूप कानडीत आणखी एक प्रत तयार केली आणि ती पुढे सहारनपूरला पोहोचली. त्यानंतर अमरावतीच्या महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ साली पहिला खंड छापून निघाला. पुढील सुमारे वीस वर्षांत एकूण १६ खंड झाले. दार उघडताच लखनौचे गणिती डॉ. अवधेश नारायण सिंह यांनी धवलेतील अनंत संख्यांच्या विचारावर लेख लिहिला. शेकडो वर्षे ज्याची आपण केवळ पूजा केली, त्यावर बाहेरच्या विद्वानाला बोलता आले, कारण ते त्याच्या हाती पडले.

घराच्या आत बसून चोरून प्रत करणाऱ्या लक्ष्मीबाईंपासून पुढची पायरी सोलापूरच्या पंडिता सुमतिबाई शहा यांची. १९६५ साली षट्खंडागमाची आवृत्ती त्यांच्या नावाने, त्यांच्या संपादनाने प्रसिद्ध झाली. विदर्भातील कारंजा येथील गुरुकुलात शिकलेले डॉ. पद्मनाभ जैनी पुढे अमेरिकेत बर्कले येथे प्राध्यापक झाले. स्त्रीमुक्तीविषयी दिगंबर व श्वेतांबर आचार्यांमध्ये झालेले वाद त्यांनी १९९१ साली इंग्रजी ग्रंथात जगापुढे ठेवले. मतभेद झाकण्याऐवजी त्यांनी मांडले, म्हणून आपल्या परंपरेत केवळ श्रद्धा नसून कसून केलेला युक्तिवाद आहे, हे परक्यांनाही दिसले.

शेवटी एक कबुली. पंचवीसएक वर्षांपूर्वी आपल्या ग्रंथांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. मोखाड्याकडील एका पाड्यावरचा वारली मुलगा, महाविद्यालयात कला शाखेत शिकणारा, दुकानात आला. स्याद्वादावर काही वाचावयास मिळेल का, असे त्याने विचारले. "ती पुस्तके आपल्या समाजापुरती आहेत," असे मी सांगितले. तो काही न बोलता ओट्यावरून उतरला. त्याचे वडील आमचे जुने गिऱ्हाईक होते. त्यांना उधारीवर कापड देताना मी कधी समाज विचारला नव्हता. पुस्तक देताना मात्र विचारला. पुतणीने चार पानांची तक्रार केली, तेव्हा मला प्रथम तो मुलगा आठवला. दर संवत्सरीस मी 'मिच्छामि दुक्कडं' म्हणतो. त्यात त्याचा वाटा आहे.

म्हणून या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने विश्वस्त मंडळास माझी नम्र विनंती आहे. ग्रंथांचे ते कपाट आठवड्यातून दोन दिवस सर्वांसाठी उघडे असावे. तत्त्वज्ञान शिकणाऱ्या परिसरातील कोणत्याही जातिजमातीच्या विद्यार्थ्यास, आणि मुलींस अगत्याने, ट्रस्टने शिष्यवृत्ती द्यावी. शिवाय वर्षातून एकदा वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी समाजांतील जाणत्यांना बोलावून जन्म, मरण, जंगल आणि जीव यांविषयी त्यांचे म्हणणे ऐकावे. जीवदयेची परंपरा सांगणाऱ्या आपणास त्यांच्याकडून काही शिकण्याजोगे निघेल, असा माझा विश्वास आहे.

विद्यापीठाच्या पंगतीत आपणास पाट मिळावा, हे मागणे रास्तच आहे. ते मागताना आपल्या पंगतीतही एक पाट मोकळा ठेवू या. कपाटाच्या किल्लीची एक प्रत मी या लेखासोबत संपादक मंडळाकडे देत आहे.

जय जिनेंद्र.