एचआयव्हीबाधित बालके : निदान व उपचार

बालकांना एचआयव्हीची लागण बहुतेक वेळा आईकडून होते : गर्भात असताना, प्रसूतीच्या वेळी किंवा अंगावरच्या दुधातून. उपचार न मिळाल्यास बाधित बालकांपैकी सुमारे एक तृतीयांश वर्षाच्या आत आणि निम्मी दोन वर्षांच्या आत दगावतात. प्रौढांमध्ये हा विषाणू अनेक वर्षे लक्षणांविना राहू शकतो; तान्ह्या बाळाची प्रतिकारशक्ती मात्र अजून घडत असते. त्यामुळे त्याच्या बाबतीत उपचार कधी सुरू होतात, यावर जवळजवळ सगळे ठरते.

लगेच उपचार सुरू करण्याला एकेकाळी मोठा आक्षेप होता. औषधे जन्मभर घ्यायची, त्यांचे दुष्परिणाम आहेत, विषाणू त्यांना दाद देईनासा होण्याची भीती आहे. मग बाळ ठणठणीत असताना घाई कशाला? दक्षिण आफ्रिकेतील ‘चेर’ या चाचणीने त्याचे उत्तर दिले. सहा ते बारा आठवड्यांची, वरकरणी निरोगी आणि प्रतिकारशक्तीच्या सीडी-4 पेशींचे प्रमाण चांगले असलेली बाळे तीत निवडली होती. लगेच औषधे दिलेल्या गटात 4 टक्के बाळे दगावली, थांबून दिलेल्या गटात 16 टक्के. 2008 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने वर्षाखालील प्रत्येक बाधित बाळाला ताबडतोब उपचार देण्याची शिफारस केली. दुष्परिणामांची काळजी खोटी नाही, पण त्यांवर लक्ष ठेवता येते आणि औषध बदलता येते. वाट पाहण्यात गेलेले बाळ परत मिळत नाही.

तरी उशीर होतो, आणि तो बहुधा निदानातच होतो. आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात अठरा महिन्यांपर्यंत टिकू शकतात, म्हणून नेहमीची चाचणी फसवी ठरते. विषाणूच शोधणारी पीसीआर चाचणी करावी लागते. त्यासाठी सहा आठवड्यांच्या बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचे थेंब शोषक कागदावर घेतात आणि वाळवून प्रयोगशाळेत पाठवतात. अहवाल येईपर्यंत आई पुन्हा केंद्रात आलीच नाही, तर सारे तिथेच थांबते. आईपासून होणारी लागण रोखली की बालउपचारांवर वेगळा खर्च नको, असेही म्हटले जाते. ती लागण रोखणे सर्वांत मोलाचे, यात वाद नाही. परंतु गरोदरपणी निगेटिव्ह असलेल्या आईला स्तनपानाच्या काळात लागण झाली, तर तिचे बाळ त्या जाळ्यातून निसटते.

भारतात सरकारी केंद्रांतून विषाणूरोधी औषधोपचार (एआरटी) मोफत 2004 पासून मिळते आणि बालकांसाठीचा राष्ट्रीय उपक्रम 2006 मध्ये सुरू झाला. मुलांच्या हाती मात्र बराच काळ मोठ्यांच्या गोळ्यांचे तुकडे नाहीतर कडू सिरप आले. लोपिनाविर-रिटोनाविरच्या सिरपमध्ये 40 टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असते; चमचा तोंडाशी नेताच मूल थुंकते, आणि तो डोस वाया जातो. 2020 मध्ये मान्यता मिळालेली डोल्युटेग्राविरची 10 मिलिग्रॅमची स्ट्रॉबेरीच्या स्वादाची गोळी पाण्यात विरघळते आणि चार आठवड्यांच्या, तीन किलो वजनाच्या बाळापासून देता येते. मुंबईच्या मॅक्लिऑड्ससारख्या जेनेरिक उत्पादकांमुळे ती गरीब देशांच्या आवाक्यात आली.

पुढे शाळकरी वयात, रोज गोळी कशासाठी, हा प्रश्न मूल विचारतेच. आजार लपवला की किशोरवयात गोळ्या सुटण्याचा धोका वाढतो. म्हणून सहा ते बारा वर्षांच्या मुलाला त्याच्या समजेनुसार, टप्प्याटप्प्याने सांगत जावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये सुचवले.