शिरढोण, १८४५ आणि १९९५

मंडळी, गेल्या शनिवारी गावी होतो, शिरढोणला. पनवेलहून गोवा हायवेला लागलं की कर्नाळ्याच्या अलीकडे आमचं गाव. वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. पुतण्या शाळेसाठी त्यांच्यावरच वेबपेज करत होता. चौकटीत जन्मसाल टाकून बटण दाबलं की खाली द्विशताब्दीचं साल आणि मृत्यूसमयीचं वय दिसायला हवं. दाबलं, तर ढिम्म! "काका, मला नाही जमत," म्हणून स्वारी लॅपटॉप मिटायला निघाली.

म्हटलं, थांब. या चुका तुझ्या एकट्याच्या नाहीत, तुझ्या जन्माआधीच्या आहेत.

पहिली चूक: स्क्रिप्ट हेडमध्ये. मे १९९५ मध्ये नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइकने दहा दिवसांत ही भाषा उभी केली. तेव्हा स्क्रिप्टचं मोठं काम म्हणजे डॉक्युमेंट.राइट, म्हणजे पान वाचलं जात असतानाच त्या जागी मजकूर घुसवणं. म्हणून ब्राउझर वरून खाली वाचताना स्क्रिप्ट दिसली की आधी ती चालवतो. खालचं बटण तोवर जन्मलेलंच नसतं, हाती येतो 'नल'. उपाय सोपा: स्क्रिप्ट बॉडीच्या शेवटी न्या, किंवा फाइल वेगळी असेल तर डिफर लावा. २००६ मध्ये आलेल्या जेक्वेरीचं 'रेडी' याच दुखण्यावरचं औषध होतं.

दुसरी: इनरएचटीएमएल लिहिताना शेवटची तीन अक्षरं स्मॉल. हा शब्द १९९७ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ४ चा. तेव्हा नेटस्केपचे 'लेयर' वेगळे, त्यामुळे एकाच कामाला दोन कोड. ऑक्टोबर १९९८ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने डॉमचं पहिलं प्रमाण ठरवलं. पण भाषेचा भिडस्तपणा तसाच राहिला. स्पेलिंग चुकलं तर ती ओरडत नाही, गुपचूप त्या नावाचा नवा गुणधर्म करून ठेवते. आणि नुसता मजकूरच दाखवायचा तर टेक्स्टकंटेंट वापरावं, म्हणजे कोणी चौकटीत टॅग टाकला तरी तो चालत नाही.

तिसरी भारी होती. द्विशताब्दीचं साल आलं १८४५२००! चौकटीतून येतो तो आकडा नव्हे, अक्षरं. अधिक चिन्ह अक्षरं जोडतं, वजा चिन्ह मात्र मुकाट्याने आकडे करून घेतं. म्हणून आधी 'नंबर'मध्ये घाला. (अंक देवनागरीत टाकलेत तर त्यालाही ते कळत नाहीत.) मग आलं २०४५.

पोरगं खूश. वय दिसलं ३८. कन्सोलमध्ये एकही लाल ओळ नाही. पण फडके जन्मले ४ नोव्हेंबर १८४५ ला आणि एडनच्या कैदेत गेले १७ फेब्रुवारी १८८३ ला. वाढदिवस यायचाच होता. म्हणजे वय ३७.

ही चूक मात्र नेटस्केपची नाही हो. ती पुतण्याने स्वतः दुरुस्त केली, तारखा घालून.

असो. भेटू पुढच्या रविवारी.