कळावे अशी अपेक्षा नसलेली टिप्पणी
पोथीच्या समासातील टिपण जसे वाचकासाठी, तशी सोर्स कोडमधील टिप्पणी माणसासाठी असते. संगणक ती वगळतो. १९७५ च्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत एका प्रक्रियेकडून दुसरीकडे ताबा सोपवणाऱ्या भागात ‘हे तुम्हाला कळावे अशी अपेक्षा नाही’ या आशयाची टिप्पणी होती. पुष्कळांनी ती हिणवण्यासाठी वापरली. डेनिस रिची यांनी पुढे खुलासा केला : अभिप्राय ‘हे परीक्षेत येणार नाही’ एवढाच होता, खरी अडचण अशी, की कर्त्यांनाही ते पुरते उमगले नव्हते. ती युक्ती पीडीपी-११ च्या कंपायलरच्या ठरावीक रीतीवर टिकून होती. इंटरडेटा ८/३२ यंत्रावर ती कोसळली. आज लिनक्सच्या कोट्यवधी ओळींत ‘ग्रेप’ने ‘फिक्समी’ शोधणाऱ्याला कर्त्यांनीच नोंदवलेल्या अशा उणिवा सापडतात.