जलतरण तलावाचे काँक्रीट कवच

जलतरण तलावाचा तळ व भिंती यांचे मिळून बनलेले सलोह काँक्रीटचे एकसंध पात्र. आतील पाण्याचा व बाहेरील मातीचा दाब सहन करणे आणि गळती रोखणे, ही त्याची कार्ये होत. त्यासाठी काँक्रीट दाट व एकजीव बसावे लागते. साच्यात ओतणे व दाबयुक्त हवेने फवारणे या त्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत.

ओतीव पद्धतीत लाकडी किंवा पोलादी साचे उभारतात. तळ आधी व भिंती नंतर ओतल्यास मधल्या सांध्यातून पाणी झिरपण्याचा संभव असतो; म्हणून तेथे जलरोधक पट्टी बसवितात. वक्र साचे खर्चिक असल्याने ही पद्धत आयताकृती तलावांस अधिक सोयीची ठरते.

फवारणीच्या पद्धतीचा उगम तलावांशी निगडित नाही. शिकागोचे फील्ड कोलंबियन संग्रहालय १८९३ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेल्या इमारतीत होते. तिचा बाहेरील गिलावा ढासळू लागल्यावर संग्रहालयातील चर्मपूरणतज्ज्ञ कार्ल एकली (१८६४–१९२६) यांनी १९०७ च्या सुमारास सिमेंट फवारणारे यंत्र तयार केले. १९११ मध्ये त्याचे एकस्व त्यांना मिळाले. यंत्रातून निघणाऱ्या मिश्रणाला पुढे ‘गनाइट’ हे व्यापारी नाव पडले. ‘शॉटक्रीट’ ही संज्ञा अमेरिकेतील रेल्वे अभियंत्यांनी १९३० नंतरच्या दशकात रूढ केली.

एकलींच्या शुष्क पद्धतीत सिमेंट व वाळू यांचे कोरडे मिश्रण हवेच्या दाबाने नळीतून येते आणि तोटीपाशी त्यात पाणी मिसळते. १९५० नंतरच्या दशकात आर्द्र पद्धत प्रचारात आली. तीत पाणी घालून तयार केलेले काँक्रीट पंपाने तोटीपर्यंत आणतात व तेथे फक्त हवा सोडतात. तलावांच्या व्यवसायात पहिलीस ‘गनाइट’ व दुसरीस ‘शॉटक्रीट’ म्हणतात. अभियांत्रिकीत मात्र शॉटक्रीट या संज्ञेत दोन्ही येतात.

तलावासाठी खड्डा खणून त्यात पोलादी सळयांची जाळी मातीपासून अंतर राखून बांधतात व तिच्यावर फवारा मारतात. खड्ड्याची बाजूच साच्याचे काम करीत असल्याने हवा तो आकार देता येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात घरगुती तलाव झपाट्याने वाढले, त्यांत या सोयीचा मोठा वाटा होता. सोनोमा येथील डॉनेल उद्यानातील, थॉमस चर्च यांनी आखलेला तलाव (१९४८) हा वळणदार आकाराचा प्रसिद्ध नमुना होय.

साच्याचे बंधन सुटले, तरी त्याबरोबर जबाबदारी तोटी धरणाऱ्या कारागिराकडे आली. शुष्क पद्धतीत पाण्याचे प्रमाणही तोच ठरवितो. फवारा पृष्ठभागाशी काटकोनात न राहिल्यास सळयांमागे पोकळ्या राहतात. आदळून उडालेली वाळू व खडी कोपऱ्यांत साचते. तीत सिमेंट अल्प असल्याने ती काढून टाकणे आवश्यक असते. परंतु काटकसरीपोटी ती पायऱ्यांत किंवा तळात भरली गेल्यास तेथे कवच सच्छिद्र होते. गिलाव्याने हा दोष झाकला जातो. पाणी भरल्यावर तो गळतीच्या रूपाने प्रकट होतो. फवारणीनंतर काही दिवस कवच ओले ठेवणेही अगत्याचे असते.

उत्तम कवच कोणत्याही पद्धतीने होऊ शकते. पद्धतीच्या नावापेक्षा तिच्या काटेकोर अंमलबजावणीवर त्याचे टिकाऊपण अवलंबून असते.