मुन्शींचा शब्द

पुण्यांतील स्त्रीशिक्षणाचा इतिहास १८४८ सालच्या, भिडेवाड्यांतील मुलींच्या शाळेपासून सांगण्याची वहिवाट आहे. परंतु तिचें बीज त्यापूर्वींच एका शेजारधर्मांत पडलें होतें. लोकांच्या सांगण्यास भुलून गोविंदराव फुले यांनीं मुलाला शाळेंतून काढून शेतमळ्याच्या कामास लाविलें. तेव्हां उर्दू-फारशीचे शिक्षक गफार बेग मुन्शी व लिजिटसाहेब यांनीं त्यांची समजूत घातली आणि १८४१ सालीं जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेंत पुन्हां विद्येस लागले. शब्द मुसलमान शिक्षकाचा, शाळा ख्रिस्ती मिशनची आणि विद्यार्थी माळ्याचा!

पुढें याच विद्यादानापायीं १८४९ सालीं जोतीराव व सावित्रीबाई यांस घर सोडावें लागलें. त्या वेळीं उस्मान शेख यांनीं त्यांस थारा दिला, असें चरित्रकार सांगतात. १० ऑक्टोबर १८५६ रोजीं नायगांवाहून पतीस लिहिलेल्या पत्रांत, आपल्या आजारपणामुळें फातिमेस त्रास पडत असेल, याची काळजी सावित्रीबाईंनीं व्यक्त केली आहे.

भिडेवाडा २०२३ सालीं, स्मारकासाठीं, पाडण्यांत आला. नव्या स्मारकाकडे पाहतांना पुणेकरांनीं मुन्शींच्या त्या शब्दाचेंही स्मरण ठेवावें; तो वेळीं उच्चारला गेला नसता, तर जोतीराव मळ्यांतच राहिले असते.